मिशीचा गोंद आणि कल्पीच्या पापण्या

महाडला आत्याकडे मी शिकायला गेले, असं आमच्या घरचे चारचौघांत सांगत. खरी गोष्ट अशी की बारावीत माझे दोन विषय राहिले होते आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत बसून आईशी भांडण्यापलीकडे मी काही करत नव्हते. वडिलांनी एक दिवस कपड्यांची पिशवी भरली आणि बहिणीच्या दारात मला नेऊन सोडलं. आत्याचं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, औद्योगिक वसाहतीत रसायनाच्या एका कारखान्यात होते. त्यांची पाळी दर आठवड्याला बदले आणि तिच्याबरोबर सगळ्या घराचं जेवणखाण बदले. सकाळी सातला सुकटीचं कालवण आणि भात चवीने खाणारा माणूस मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. ते आले की आधी मोरीत जात, कपडे वेगळ्या बादलीत पडत, आणि तरी त्यांच्या अंगाला एक आंबूस, धातूसारखा वास असेच. आत्या म्हणायची, या वासाशी माझं लग्न लागलंय, माणूस नंतर आला.

आत्या नवऱ्या सजवायची. तेव्हा आमच्याकडे पार्लर नावाची गोष्ट नुकतीच येत होती. वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना पार्लरमध्ये जायचा संकोच वाटे, पण घरी येऊन वेणी, मेंदी, साडी, पावडर करून देणारी बाई हवीच असे. आत्याची त्यासाठी एक पत्र्याची पेटी होती. शेजारीच फळीवर दुसरी पेटी मामांची. शिमग्यात त्यांच्या गावच्या मंडळाचं नाटक असे आणि सगळ्या नटांची तोंडं मामा रंगवत. त्या पेटीत दाढ्या, मिशा, रंगांच्या कांड्या आणि तपकिरी बाटलीत मिशा चिकटवायचा गोंद. त्या गोंदाला राळेसारखा गोडसर वास यायचा. मे महिन्याच्या घामात नवरीची टिकली सरकते, म्हणून आत्या त्याचा एक ठिपका कपाळावर लावी आणि वर टिकली दाबी. त्यामुळे ती बाटली कधी मामांच्या पेटीत असे, कधी आत्याच्या. मामांनी मात्र एक गोष्ट बजावून ठेवली होती. डोळ्यापासून दोन बोटं लांब. त्याच्या आत हा गोंद न्यायचा नाही.

दोन वर्षं मी आत्याच्या हाताखाली पिना दिल्या, साड्यांच्या निऱ्या धरल्या आणि मला सगळं येतं असं मनाशी ठरवून टाकलं. माझा हात चांगला होता, यात खोटं नाही. पण हात चांगला असला की माणसाची जीभ लांब होते, तशी माझी झाली होती. आत्याला दोन शब्द उलट बोलल्याशिवाय माझा दिवस जात नसे. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून येतात आणि मला शिकवायला लागतात, तेव्हा मी चिडते आणि लगेच गप्प बसते. मी काय वेगळी होते?

त्या उन्हाळ्यात ऐन लगीनसराईत आत्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी अंथरुणाला खिळवलं. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी कल्पीचं लग्न होतं. कल्पना माझ्या वर्गातली, आमच्या वाडीच्या खालच्या वाडीतली. ती माझ्यासारखी दोन विषयांत अडकली नव्हती. औषधांच्या एका कंपनीत तिला काम लागलं होतं. औषध भरलेल्या काचेच्या बारीक कुप्या दिव्यापुढे धरायच्या आणि आत कचऱ्याचा कण, केस, काही दिसतं का ते बघायचं, दिवसभर. तिथे डोळ्यांची तपासणी करून मुली घेत आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होई. तिला कायम करायचं चाललं होतं आणि लग्नाची रजा संपली की तपासणी होती. नवऱ्याची नोकरी मुंबईला, अजून धड बसलेली नाही, त्यामुळे कल्पीच्या पगाराकडे दोन्ही घरं बघत होती. हे सगळं मला ठाऊक होतं.

आत्या म्हणाली, “तू एकटी जाशील ना?” मी म्हटलं, “का नाय जाणार?” पेटी उचलून मी सकाळच्या एसटीने निघाले.

कल्पीच्या घरी अंगणात मांडव, मागे चुलवणावर वरणाचं भांडं, आणि आतल्या खोलीत पंधरा-वीस बायका माझं काम बघायला बसलेल्या. कल्पीचा भाऊ मुंबईहून आला होता. त्याने सगळ्यांसमोर एक चपटी डबी माझ्या हातात दिली. आत काळ्याभोर खोट्या पापण्या, एकेका पट्टीवर ओवलेल्या, आणि सोबत गोंदाची करंगळीएवढी ट्यूब. “तिकडं सगळ्या नवऱ्या लावतात,” तो म्हणाला. त्या आधी आमच्या भागात कोणी त्या लावलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मी मात्र रोज लावत असल्यासारखा चेहरा केला.

पावडर, काजळ, सगळं झालं. मग ट्यूब उघडली तर आत गोंद वाळून खडा झालेला. दाबली, कोमट पाण्यात बुडवली, सुई घातली. काही नाही. बाहेरून कोणीतरी ओरडलं, “नवरी आणा, भटजी खोळंबलेत!” बायका माझ्याकडे बघत होत्या. भाऊ दारात उभा होता. त्या वेळी पापण्या बाजूला ठेवून, गोंद सुकलाय हो, असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? काहीही झालं नसतं. कल्पी पापण्यांशिवायही छानच दिसत होती. पण माझी ती पहिली एकटीची नवरी होती, आणि जमत नाही हे शब्द माझ्या तोंडून निघेनात.

मी पेटीतून तपकिरी बाटली काढली. कपाळावर चालतो, तर तिथून डोळा किती लांब, असा हिशेब केला आणि पट्टीच्या कडेला गोंद लावून ती कल्पीच्या पापणीवर दाबली. कल्पी डोळे मिटून बसली होती. वासाने तिने नाक आक्रसलं.

“झोंबतंय गो. काय लावतंस?”

“मुंबईचा गोंद हाय. डोळं उघडू नको.”

पापण्या अशा बसल्या की मलाच नवल वाटलं. कल्पी मांडवात गेली तेव्हा बायकांनी तोंडात बोटं घातली. जेवणावळीत माझ्या पानात दोनदा जिलबी पडली आणि तीन जणींनी आपल्या मुलींच्या लग्नाचं आमंत्रण तिथेच देऊन टाकलं. मी तरंगतच महाडला परतले. पापण्यांचं कौतुक मी सांगितलं तशी आत्याने विचारलं, “पापण्या कशानं लावल्यास?” मी म्हटलं, “पाकिटातल्या ट्यूबनं.” एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलताना जराही अडखळायला होत नाही, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते. दारात मोटरसायकल थांबली. कल्पीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ होता. चपला न काढता, उंबऱ्याबाहेरूनच तो म्हणाला, “वहिनीचा डोळा उघडत नाय. पापण्या निघत नायत. तुम्ही चला.”

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली. आत्या आतून, पिवळ्या पडलेल्या चेहऱ्याने, भिंतीला धरून उठली. तिने मला शांतपणे समजावलं. ट्यूबचा गोंद रबरासारखा असतो, कोमट पाण्याचा बोळा पाच मिनिटं ठेव, आपोआप सुटेल, ओढू नकोस. मी मान हलवली. खरं सांगायला तीच एक जागा होती, तीच एक बाई होती जिला काय करायचं ते कळलं असतं, आणि मी तिच्या तोंडाकडे बघून गप्प राहिले. मामा पहिल्या पाळीला गेलेले. मी पिशवी घेतली आणि गाडीवर बसले.

महाड ते पोलादपूर आणि पुढे आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून त्यांचं गाव, तेवढा रस्ता तो पोरगा भरधाव गाडी हाणत होता. मी मागे बसून स्वतःला समजावत होते की कोमट पाण्याने निघेल. गोंद तो गोंदच. निघायलाच हवा.

कल्पीच्या सासरी सत्यनारायणाची तयारी चालली होती. केळीचे खांब बांधलेले, चौरंग मांडलेला, मागच्या दारी शिऱ्याचा रवा भाजल्याचा वास. कल्पीला आतल्या खोलीत खिडकीजवळ बसवलं होतं. मी पिशवी खाली ठेवून तिच्या तोंडाशी वाकले. आदल्या संध्याकाळी कोणीतरी उजव्या पापणीची पट्टी टोकाला धरून ओढली होती. तिथली कातडी लाल होऊन सुजली होती. डावा डोळा त्याहून वाईट. उकाड्याने मऊ पडलेला गोंद डोळा चोळताना खालच्या पापणीला लागला होता आणि बाहेरचा कोपरा शिवल्यासारखा बंद झाला होता. “विजू आली काय?” तिने विचारलं. माझ्या चालण्यावरून ओळखलं असावं.

मी कोमट पाण्याचा बोळा ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पट्टी जागची हलली नाही. हलणार नव्हतीच. मिशीचा गोंद पाण्याने सुटत असता तर शिमग्यात घाम फुटल्यावर सगळ्या राजांच्या मिशा पहिल्याच प्रवेशात गळून पडल्या असत्या. मला हे ठाऊक होतं. तरी मी तिसऱ्यांदा बोळा बुडवला, कारण बोळा खाली ठेवला की बोलावं लागणार होतं.

कल्पीची सासू दारात उभी राहून बघत होती. उंच, हडकुळी बाई, कामाला वाघीण. “अगो, असं पाणी लावत बसलीस तर दिवस जाईल. गुरुजी आकरा वाजता येतात. नवरी डोळं मिटून पूजेला बसवू काय?” ती आत गेली आणि रॉकेलची बाटली आणि एक फडकं घेऊन आली. “रंग निघतो, डांबर निघतं, मग ह्ये का नाय निघणार? बाजूला हो.”

तिने फडकं भिजवलं. रॉकेलचा वास खोलीभर पसरला. कल्पीने काही न दिसताच मान मागे घेतली आणि भिंतीला डोकं आपटलं. तिच्याजवळ बसलेल्या चुलत सासूने तिची हनुवटी धरली. फडकं कल्पीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आलं, तेव्हा मी सासूचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. परक्या घरात, परक्या बाईचं मनगट.

“नको! तो ट्यूबचा गोंद नाय. मिशीचा गोंद हाय. नाटकातला. मी लावलाय.”

चुलत सासूने कल्पीची हनुवटी सोडली. सासूने मनगट सोडवून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की आजही ते आठवलं की मी मान खाली घालते. “डोळ्याला?” ती म्हणाली. “माणसाच्या डोळ्याला?” मला घेऊन आलेला चुलतभाऊ दारातून म्हणाला, हिला आधी घराबाहेर काढा. माझं काही म्हणणं नव्हतं. काढलं असतं तर मी गेले असते, इतकी लाज वाटत होती.

तेवढ्यात कल्पीचे सासरे ओटीवरून आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुनेच्या खोलीत पाऊल टाकायला संकोचणारा माणूस, पण आला आणि आधी बायकोच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “मना म्हाईत हाय तो गोंद,” ते म्हणाले. “धा वर्सं मिशी लावून राजा झालोय मी. एकदा घाईत रॉकेलानं पुसली तर ओठावरची कातडी आली व्हती, आठ दिस च्या पिता आला नाय.” मग माझ्याकडे वळून, “तुला काढता येईल काय? खरं सांग. नायतर आताच्या आता जीप काढतो नि महाडला नेतो.”

आता खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती. मी म्हटलं, “डोळ्यावरचा कधी काढला नाय. ओठावरचा मामांनी तेलानं काढलेला पाह्यलाय. हळूहळू सुटतो. पण लय वेळ लागेल, पूजा थांबवावी लागेल. आणि काढल्यावरही डॉक्टरला दाखवायलाच पायजे.”

सासरे कल्पीकडे वळले. “पोरी, तू सांग. हिला हात लावू देऊ काय?”

कल्पीने पदराने गाल पुसले. खिडकीतून ऊन तिच्या हातांवर पडलं होतं, मेंदीचा रंग गडद चढला होता. मग म्हणाली, “तिलाच लावू दे. काय लावलंय ते तिलाच ठावं हाय.”

गुरुजींना निरोप गेला. मी हात साबणाने दोनदा धुतले. खोबरेल तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केली आणि तेल आधी माझ्या मनगटावर लावून पाहिलं. पूजेच्या वातींसाठी आणलेला कापूस मागून घेतला, तोच घरात सगळ्यात स्वच्छ होता. बोळा तेलात बुडवून पिळायचा, इतका की थेंब पडू नये. तेल डोळ्यात गेलं की सगळं धूसर होतं, आणि धूसर दिसल्यावर कल्पी घाबरली असती. डोळे मिटलेलेच. बोळा पट्टीच्या मुळाशी टेकवायचा, चोळायचा नाही, आणि थांबायचं. नुसतं थांबायचं. माझ्यासारख्या धसमुसळ्या मुलीला याहून मोठी शिक्षा कोणी दिली नसती. सासरे ओटीवर घड्याळ घेऊन बसले होते आणि मी बोळा काढायची घाई करू नये म्हणून दहा मिनिटं झाली की आवाज देत. बोळा बदलायचा. पुन्हा थांबायचं.

तिसऱ्या बोळ्यानंतर उजव्या पट्टीचं बाहेरचं टोक मऊ पडलं. गोंद मेणासारखा गोळा व्हायला लागला. मी टोक उचललं नाही, कापसाने नाकाकडून कानाकडे पुसत गोंदच थोडा थोडा काढत गेले. पट्टी अडली की पुन्हा तेल. कल्पीचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. मध्येच ती म्हणाली, “दुखलं की सांगू ना?” मी म्हटलं, “सांग. लगेच सांग.” ती दोनदा ‘दुखतंय’ म्हणाली, आणि दोन्ही वेळा मी हात जागच्या जागी थांबवला. शेवटी उजवी पट्टी माझ्या बोटांवर आपण होऊन आली. तिला कल्पीच्या स्वतःच्या पापणीचे चार-पाच केस चिकटले होते. ते पाहून मला रडू फुटलं. सासू तिथेच होती. “रड मागनं,” ती म्हणाली, “अजून एक डोळा हाय.”

डाव्या डोळ्याला दीड तास लागला. वरची पट्टी निघाली तरी कोपरा बंदच होता. तिथे मी काडीला कापूस गुंडाळून तेल लावलं, एकेक केस मोकळा केला. माझी मान, पाठ, गुडघे सगळं बधिर झालं होतं, आणि बाहेर सत्यनारायणाला आलेली माणसं कुजबुजत होती. सासू एकदाही घाई कर म्हणाली नाही. माझ्या पाठीमागे उभं राहून ती वर्तमानपत्राच्या घडीने वारा घालत होती. कोणाला, मला की सुनेला, ते मी विचारलं नाही. शेवटचा केस सुटला. उकळून गार केलेल्या पाण्याने मी दोन्ही डोळे पुसले आणि म्हटलं, “आता उघड. सावकाश.”

कल्पीने डोळे उघडले. दोन्ही लाल, पाणी वाहणारे. तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग सासूकडे, मग स्वतःच्या हातांकडे. “दिसतंय,” ती म्हणाली. सासू मटकन खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. त्या बाईला मी घाबरले ते घाबरले, पण त्या क्षणी तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

जीपने आम्ही महाडला आलो, कल्पी, तिचा नवरा, सासरे आणि मी. डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, “कशाने चिकटवलं होतं?” कोणी बोलायच्या आत मी सांगितलं. त्यांनी माझी चामडी सोलली, शब्दांनी, सगळ्यांसमोर. मग दिवा लावून बराच वेळ दोन्ही डोळे तपासले. बुबुळाला ओरखडा नव्हता. कातडी आठवड्यात भरेल, केस दोन-तीन महिन्यांत येतील, नजरेला धोका नाही. थेंब लिहून दिले. नवऱ्याने दोनदा विचारलं, “कामावर जाता येईल ना?” डॉक्टर म्हणाले, येईल. सासऱ्यांनी हात जोडले. मी तेव्हा कुठे भिंतीला टेकले.

बाहेर आल्यावर सासरे म्हणाले, “पोरीचा हात हलका हाय, पण.” शिव्यांपेक्षा ते जास्त लागलं. नवरा औषध आणायला दुकानात गेला. कल्पी जीपच्या मागच्या बाकावर बसली होती, डोळ्यांवर ओला रुमाल धरून. मी जवळ गेले. काय बोलायचं ते रस्ताभर मनात घोळवून ठेवलं होतं. चुकलं, माफ कर, पुन्हा असं होणार नाय. मी सुरुवात केली. तिने रुमाल खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत मी तिची वही न विचारता नेली की ती बघायची, तसंच.

“विजू,” ती म्हणाली, “गोंद चुकला त्याचं मला काय नाय गो. माणूस चुकतो. पण मी डोळं मिटून बसले व्हते. तू म्हणालीस उघडू नको, म्हणून उघडलं नाय. काय लावतंस ते मला कसं दिसणार व्हतं?”

नवरा औषध घेऊन आला, जीप सुरू झाली आणि निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. मग घरी जाऊन आत्याच्या उशाशी बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.